नववीची सहल: पैठणच्या जुन्या वाटेनं नाणेघाटापर्यंत (प्रकल्प नोंदी)

७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच स्टाफ मीटिंगमध्ये सहलीची फाइल माझ्याकडे आली. गेली चार वर्षं ती इतिहासाच्या मॅडमकडे होती. त्या म्हणाल्या, "सर, हिशेब तुमच्या विषयाचा. ठिकाणं आपण मिळून ठरवू." मी लगेच हो म्हणालो. नाणेघाट मुलांना दाखवायचा हे माझ्या डोक्यात फार दिवस आहे.

आम्ही पाथर्डी तालुक्यातले. पैठण आम्हाला जवळ, त्यामुळे जायकवाडी आणि नाथसागर मुलांचे पाठ. पण पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, तिथला माल जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा, हे कुणाच्या ध्यानात नाही. आज आमच्या गावाजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ सुद्धा कल्याणहूनच येतो. माळशेज, आळेफाटा, नगर, पाथर्डी. म्हणजे सहलीचा रस्ता आणि व्यापाराची जुनी वाट जवळजवळ एकाच दिशेनं जातात.

मुलांना विचारलं तर उत्तर आलं, "वॉटर पार्क." फळ्यावर लिहून ठेवलं आणि पुढच्या तासाला पुसलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ठिकाणांची पहिली यादी: निघोजचे रांजणखळगे, ओझर, लेण्याद्री, शिवनेरी, नाणेघाट, खोडदची रेडिओ दुर्बीण, माळशेज. दोन दिवसांत सात ठिकाणं. हेडसरांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, ही सहल आहे की लग्नाची वरात?"

त्यांची अट एकच, शिवनेरी हवीच. यंदा जुलैत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, त्यात शिवनेरी आहे. "ती गाळली तर पालक मला गाळतील," असं ते म्हणाले. शिवाय पालकसभेत कुणीतरी 'अष्टविनायक' शब्द उच्चारणारच, तेव्हा त्यातला एक तरी गणपती पाहिजे.

खोडद आजच गाळलं. मनाविरुद्ध. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश एकत्र चालतात, जगभरचे शास्त्रज्ञ तिथे येतात आणि नारायणगावच्या मुलांना ती शेजारची गोष्ट वाटते. पण तिथे परवानगी वेगळी, फोन बंद ठेवायचे आणि नीट समजून घ्यायचं तर अर्धा दिवस लागतो. घाईत दाखवायची ही जागा नाही. पुढच्या वर्षी विज्ञानाच्या सरांनी फक्त तीच सहल काढावी.

माळशेजही गेला. पावसाळ्याशिवाय तिथे मुलांना दाखवण्यासारखं मला काही सापडलं नाही, आणि पावसाळ्यात मुलांना तिथे नेणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार (पाहणी)

काल-आज मी आणि मॅडम, त्यांच्या यजमानांच्या गाडीतून, सगळा मार्ग फिरून आलो. खिशात वही आणि घड्याळ. फोटो कमी काढले, संडास जास्त मोजले.

निघोज. कुकडीच्या पात्रात काळ्या बेसाल्टला पडलेले ते रांजण. पुराच्या पाण्यात अडकलेले गोटे एकाच जागी गरगर फिरतात आणि वर्षानुवर्षं खडक किसत राहतात. भूगोलाच्या पुस्तकात 'कुंभगर्त' म्हणून दोन ओळी असतात, इथे तो अख्खा धडा नदीच्या पात्रात उघडा पडलाय. एका लहान खळग्याच्या तळाशी गुळगुळीत गोटे अजून पडलेले होते. मुलांना नेमके तेच दाखवायचे. मोठ्या खळग्यांत मात्र हिरवं, खोल पाणी, आणि कडा अशा घोटलेल्या की चप्पल ठरत नाही. वर येडगाव धरण, त्यामुळे आवर्तन, म्हणजे धरणाचं पाणी, सुटलं की पातळी बदलते. झुलत्या पुलावरून सगळं पात्र दिसतं. मॅडम म्हणाल्या, "पुलावरूनच बघू या, खाली नको." मी म्हणालो, गोटे पुलावरून दिसत नाहीत. भांडण अनिर्णित.

नाणेघाट. जुन्नरहून घाटघरकडे रस्ता अरुंद, पण एसटी जाते. घाटमाथ्यावर वारा इतका की मॅडमची ओढणी माझ्या तोंडावर आली. समोर जीवधन आणि त्याला चिकटून वानरलिंगीचा सुळका. माथ्यावर दगडी रांजण, त्यात जकात टाकत असं सांगतात. थोडं खाली उतरलं की लेणं. भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा एवढंच उरलंय. लेखात यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा आहेत: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण (त्या काळची नाणी). प्रत्येकाचा आकडा दिलेला. इतके जुने आकडे इतक्या संख्येनं एका जागी भारतात फारसे कुठे नाहीत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात ते उलगडले. गणिताच्या मास्तरला आणखी काय हवं!

धोके: कड्याची बाजू, माकडं, आणि सावलीला जागा कमी.

शिवनेरी. सात दरवाजांची पायऱ्यांची वाट. साखळीची वाट यादीतून कायमची बाद. आम्ही दोघं ३५ मिनिटांत वर. कड्याला आग्या मोहोळं लटकलेली दिसली, तेव्हा अत्तर, पावडरचा वास, धूर आणि आरडाओरडा बंद. सकाळच्या थंडीतच चढून यायचं.

लेण्याद्री. तीनशेच्या आसपास पायऱ्या, वर गिरिजात्मजाचं सातवं लेणं, शेजारी सहावं चैत्यगृह. सुंदरच. पण शिवनेरीनंतर मुलांचे पाय आणि आमचा वेळ, दोन्ही पुरणार नाहीत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज दोन तास बसून वेळापत्रक मांडलं. नवा शोध असा की सहलीचं वेळापत्रक किलोमीटरवर ठरत नाही.

मुली ४१. मधल्या थांब्यावर मुलींसाठी संडास २ असतील आणि प्रत्येकीला २ मिनिटं धरली, तर ४२ मिनिटं. मुलगे ३७, त्यांचा प्रश्न त्यामानानं लवकर सुटतो. दिवसातून असे तीन थांबे म्हणजे दोन तास फक्त रांगेत. दर वर्षी आपण उशिरा का पोचतो आणि ड्रायव्हरला का बोलतो, याचं उत्तर मिळालं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे आम्हाला चार वर्षांपासून माहीत आहे. कुणी विचारलं नाही."

मग थांबे संडास बघून ठरवले. नगरच्या अलीकडे एक मंगल कार्यालय आहे, तिथे मुलींसाठी ८ आहेत. मालक आमच्या माजी विद्यार्थ्याचे सासरे. जुन्नरलाही जेवणासाठी असंच एक कार्यालय. आता तोच थांबा १२ मिनिटांत उरकतो.

लेण्याद्री गाळलं. मॅडमना वाईट वाटलं, पण शिवनेरीच्या डोंगरातही सातवाहनकाळातली लेणी आहेत, आणि मुक्काम ओझरच्या भक्तनिवासात ठेवला की विघ्नहर आपोआप घडतो. अष्टविनायकवाल्या पालकांचं तोंडही बंद.

शेवटचा आराखडा:
पहिला दिवस: सकाळी ६ ला शाळा, नगर, निघोज, जुन्नरला जेवण, अडीचला नाणेघाट, चारला तिथून बाहेर, सहाला ओझर.
दुसरा दिवस: सकाळी साडेसातला शिवनेरीच्या पायथ्याशी, अकराला खाली, जेवण, साडेबाराला परत, दिवस मावळायच्या आत गावात.

आधी मी नाणेघाट दुसऱ्या दिवशी ठेवला होता. मग घरी पोचायला रात्रीचे आठ वाजत होते. रात्रीचा प्रवास नको म्हणून उलटापालट केली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

एसटीच्या आगारात जाऊन दोन गाड्यांचा प्रासंगिक करार मागितला. शालेय सहलीला भाडं निम्मं, म्हणून तर गरिबाची सहल निघते. गाड्या ४४ आसनांच्या, एकूण ८८. मुलं ७८, शिक्षक ८, शिपाईमामा १. एक जागा रिकामी. ती आजारी पडणाऱ्या मुलासाठी पुढची ठेवायची, तिच्यावर पिशव्या ठेवल्या तर मी स्वतः फेकणार.

माणशी वर्गणी ९८० रुपये.

४ डिसेंबर, गुरुवार

परवानगीचा प्रस्ताव दिला. मुलांची यादी, संमतीपत्रं, गाड्यांची माहिती, दहा मुलांमागे एक शिक्षक, मुलींबरोबर शिक्षिका, प्रथमोपचार पेटी, मार्गावरच्या दवाखान्यांची यादी. कार्यालयात पहिला प्रश्न आला, "निघोजला पाणी आहे ना?"

प्रश्न रास्त. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर पाण्याचं नाव निघालं की साहेब लोक पेन खाली ठेवतात. मी नकाशा काढून दाखवला: मुलं कुठे उभी राहणार, रेषा कुठे, शिक्षक कुठे. एका वेळी दहाच मुलं, एकच लहान कोरडा खळगा, बाकी सगळं पुलावरून. म्हणजे मॅडमचं आणि माझं भांडण कार्यालयात मिटलं.

संमतीपत्रांचं दुखणं वेगळंच. ७८ पैकी १९ मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेलेत. सही कुणाची घ्यायची? आजीचा अंगठा घेतला आणि आईवडिलांशी फोनवर बोलून तारीख-वेळ नोंदवली. एक बाप थेट फडातून बोलत होता, मागं कोयत्यांचा आवाज. त्यानं विचारलं, "सर, बिबट्या हाय म्हणत्यात तिकडं?" हो, आहे. जुन्नर भागात उसाच्या रानात बिबटे राहतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगितलं, दिवस मावळल्यावर एकही मूल भक्तनिवासाच्या फाटकाबाहेर जाणार नाही. तो म्हणाला, "मग पाठवा. आमच्या इथं पण हायेतच की."

१३ डिसेंबर, शनिवार

रंगीत तालीम. शाळा सुटल्यावर सगळ्यांना मढीच्या कानिफनाथाच्या गडावर चढवलं. पहिला मुलगा ९ मिनिटांत वर, शेवटचा ३१ मिनिटांत. शेवटचा म्हणजे नववी ब मधला, ज्याच्या एका पायाला कॅलिपर आहे. तो पोचला तेव्हा बाकीचे विश्रांती संपवून उतरायला उठले होते. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळाली नाही.

पीटीच्या सरांनी युक्ती सांगितली. त्याला आणि त्याच्या गटाला सगळ्यांच्या पुढे ठेवायचं, कुणी ओलांडायचं नाही. सगळी रांग त्याच्या चालीनं चालेल. तो आधी नको म्हणाला, लाजला. मग सरांनी त्याच्या गळ्यात आपली शिट्टी घातली.

२२ डिसेंबर, सोमवार

वर्गणी ६९ जणांची आली. नऊ जणांची येणार नाही हे माहीत होतं. स्टाफनं आणि दोन माजी विद्यार्थ्यांनी मिळून भरली. नावं फक्त माझ्या वहीत.

गणिताच्या तासाला ब्राह्मी अंकांचा तक्ता लावला. १ म्हणजे आडवी रेघ, २ म्हणजे दोन, ४ अधिकच्या चिन्हासारखा. शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. १०, २०, १००, १००० यांना स्वतंत्र चिन्हं. ४०० लिहायचे तर १०० च्या चिन्हाला ४ चं चिन्ह जोडायचं, ४००० ला १००० च्या चिन्हाला ४. नाणेघाटाच्या लेखात ३, ५ आणि ८ हे सुटे अंक सापडत नाहीत, म्हणून ते तक्त्यात दुसरीकडून घेतलेत हेही सांगितलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग हातचा कसा घ्यायचे?" दहा वर्षांत मला मिळालेला हा सर्वांत चांगला प्रश्न.

५ जानेवारी २०२६, सोमवार

घोळ. पीटीच्या सरांना निवडणुकीच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं, तारीख ९ तारखेची. सहल ८ आणि ९. त्यांच्या जागी विज्ञानाचे सर. ते दोरी, शिट्टी या माणसांतले नाहीत, पण मुलांची संख्या कधी चुकवत नाहीत. पीटीच्या सरांनी त्यांना फक्कीची पिशवी दिली आणि निघोजला रेष कुठे मारायची ते कागदावर काढून दिलं.

गट पुन्हा लावले. प्रत्येक गटाला १ ते १० क्रमांक. मोजायचं म्हटलं की मुलांनी स्वतःच क्रमानं आकडे ओरडायचे. कोण नाही ते लगेच कळतं.

८ जानेवारी, गुरुवार (रात्री, ओझर)

सहाला निघायचं होतं, सहा वीसला निघालो. शाळेच्या फाटकात आज्याच जास्त. मंगल कार्यालयातला थांबा १४ मिनिटं, माझ्या गणितापेक्षा दोनच जास्त. हा आनंद मला ज्यांच्याबरोबर वाटून घ्यायचा होता ते सगळे पोहे खात होते.

निघोजला विज्ञानाच्या सरांनी खडकावर फक्कीची रेष मारली. कबड्डीची सवय, कुणी रेष ओलांडली नाही. उलट एकाचा पाय रेषेवर पडला तर बाकीचे ओरडले, "आउट!" लहान खळग्यातले गोटे दाखवले. एका मुलीनं विचारलं, "सर, हा गोटा झिजला की खळगा वाढायचा थांबतो?" मी म्हणालो, पुढच्या पुरात नवा गोटा येतो. एक गोटा कुणाच्या तरी दप्तरात गेला होता, तो बसमध्ये सापडला. परत जाऊन ठेवायला वेळ नव्हता. तो आता माझ्याकडे आहे आणि त्याची मला लाज वाटते.

आळेफाट्याच्या अलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग. ४० मिनिटं तिथे. ठरल्याप्रमाणे नाणेघाटातून चारला निघायचंच, म्हणून ही ४० मिनिटं नाणेघाटाच्या वाट्याची गेली. बरोबर ५० मिनिटं मिळाली तिथे.

५० मिनिटांत ७८ मुलं त्या लेण्यात नेणं शक्यच नव्हतं. दहा-दहांचे गट, प्रत्येकाला ५ मिनिटं, भिंतीला हात नाही. बाकीच्यांना मॅडमनी रांजणाजवळ बसवून पैठणहून निघालेल्या तांड्याची गोष्ट सांगितली. गोष्ट चालू असताना माकडानं एक डबा पळवला. मॅडम न थांबता म्हणाल्या, "ही बघा जकात."

लेण्यात मी आकडे दाखवत होतो. उतरत्या उन्हात अक्षरं बरी उठून दिसतात. १७०० गायी, १० हत्ती हे दान वाचल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, एवढ्या गायी ठेवायच्या कुठं? चाऱ्याचं काय?" त्याच्या घरी दोनच आहेत, त्यामुळे प्रश्न बरोबर होता.

चार वाजून तीन मिनिटांनी गाड्या निघाल्या. ओझरला सहा वाजता आठही गटांचे आकडे ओरडून झाले, फाटक बंद. जेवणात मासवडी. आमच्या मुलांनी ती पहिल्यांदा खाल्ली. दोघांना नाव ऐकून मासे वाटले आणि त्यांनी ताट सरकवलं, समजावून सांगेपर्यंत शेजाऱ्यांनी ते रिकामं केलं होतं.

९ जानेवारी, शुक्रवार

शिवनेरी. सात पस्तीसला पायथा. रांगेच्या पुढे शिट्टीवाला. सूचना एकच, शिवकुंजापर्यंत घोषणा नाहीत, मोहोळं झोपलेली आहेत. ७८ मुलांना शिवनेरीवर गप्प ठेवणं ही माझ्या नोकरीतली सर्वांत अवघड कामगिरी. पूर्ण चढायला ५२ मिनिटं लागली, पण सगळे एकदम पोचले आणि विश्रांती सगळ्यांना सारखी मिळाली. जिजाऊ आणि बालशिवाजींच्या पुतळ्यासमोर पोचल्यावर शिट्टीवाल्यानं शिट्टी वाजवली. मग जे झालं ते जुन्नर शहरात ऐकू गेलं असावं. मोहोळं काही हलली नाहीत.

शिवाई देवी, अंबरखाना, गंगा-जमुनाची थंड टाकी, जन्मस्थानाची वास्तू. कडेलोटाच्या टोकाकडे कुणालाच नेलं नाही, तिकडे बोट दाखवलं. तिथूनच पलीकडे लेण्याद्रीचा डोंगर दिसतो, तोही बोटानंच दाखवला. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी." मी हो म्हणालो नाही.

परतीला नारायणगावच्या बाजूला शेतांपलीकडे एक डिश दिसली आणि अख्खी बस एका बाजूला झुकली.

गावात संध्याकाळी सहाला. सूर्य मावळायला काही मिनिटं होती.

१३ जानेवारी, मंगळवार

हिशेब दिला. १,३४० रुपये शिल्लक, ते प्रथमोपचार पेटीत गेले. पट्टी लागली फक्त दोनदा, दोन्ही वेळा शिक्षकांना.

आराखडा आणि प्रत्यक्ष यांतला फरक फाइलला लावला: निघोज १० मिनिटं जास्त, नाणेघाट ४० मिनिटं कमी, शिवनेरीची चढण १७ मिनिटं जास्त. पुढच्या वर्षी जो कोणी फाइल घेईल त्यानं आळेफाट्याला कांद्याच्या बाजाराचा वार आधी विचारावा.

घरी करायला दिलं होतं: आवडेल ती एक संख्या नाणेघाटाच्या पद्धतीनं लिहून आणा. बहुतेकांनी हजेरी क्रमांक किंवा जन्माचं साल आणलं. आजीच्या अंगठ्यावर आलेल्या एका मुलीनं १००० च्या चिन्हाला ८० चं चिन्ह जोडून आणलं. चिन्ह अगदी नीट. मी विचारलं, ८० हजार कशाचे? ती म्हणाली, "आईबाबांनी या साली ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली उचल."

तिची वही तपासली, बरोबरची खूण केली आणि तक्त्याशेजारी लावली.